डावीकडच्या शेवटच्या पट्टीवर

मामाच्या गाडीच्या बॉनेटखाली कमी-जास्त करता येतील अशा नऊ गोष्टी होत्या. चार प्लगांच्या चार फटी. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाखाली, ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या पॉइंटची एक फट. तो डिस्ट्रिब्यूटर ज्या कोनात घट्ट केलेला असतो, तो कोन. कार्बोरेटरवर दोन स्क्रू, एक वेगाचा आणि एक मिश्रणाचा. आणि कार्बोरेटरच्या पोटात तरंगणाऱ्या फ्लोटची उंची. कशालाही हात लावण्याआधी मी या नऊच्या नऊ मोजून घेतल्या. दहावी गोष्ट मामा होता. ती मोजायची राहिली.

गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. धुराच्या तपासणीत ती दोनदा नापास झाली होती. नियम सोपा होता. गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना धुरात कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या वर नको, आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला सातशे ते आठशेच्या मध्ये हवेत. दुसऱ्या तपासणीत आकडा आला ६.२. तिसऱ्यांदा नापास झाली तर नंबरप्लेट तिथेच काढून घेतात आणि गाडी थेट भंगारात जाते.

मामा पियानो सुरात लावतो. शाळांचे, सभागृहांचे, लोकांच्या घरातले. त्याची हत्यारांची पेटी मला दोन्ही हातांनीही जेमतेम उचलवते आणि त्याचा उजवा गुडघा असा आहे की जिना चढण्याआधी मामाला त्याची मनधरणी करावी लागते. निम्म्याहून जास्त काम गावाबाहेरच्या शाळांत. तिथे बस जात नाही. गाडी गेली की त्या शाळा गेल्या.

"मग मी काय घरात बसून हिचाच पियानो लावत राहू?" मामा मामीकडे हात करून म्हणाला.

"माझा पियानो सुरात आहे," मामी म्हणाली. "तू आधी मोरीचा नळ लाव. दोन महिने ठिबकतोय."

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी नुकतीच फिजिक्स घेऊन पास झाले होते, नोकरीचा पत्ता नव्हता, आणि घरात पाना हातात धरता येणारी मी एकटीच होते.

"तू शिकलीस ना हे सगळं, प्रोफेसरीणबाई?" मामा म्हणाला. "मग घे, ही तुझी प्रयोगशाळा."

आम्हाला कार्बोरेटर कुणी शिकवला नव्हता. पण इंजिन म्हणजे काही जादू नाही. हवा आणि पेट्रोल ठराविक प्रमाणात मिसळायचं आणि त्यावर नेमक्या क्षणी ठिणगी टाकायची, एवढंच. प्रमाण कार्बोरेटर ठरवतो, क्षण डिस्ट्रिब्यूटर ठरवतो. गोम एकच आहे. काम क्रमाने करावं लागतं. आधी ठिणगी, मग मिश्रण. ठिणगी चुकीच्या वेळी पडत असेल तर मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवा, आपण एका चुकीवर दुसरी चूक बेतून बसवत असतो.

मी क्रमाने गेले. प्लग काढले, चारही काजळीने काळे, म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं. ते घासून त्यांच्या फटी सारख्या केल्या. पॉइंट खड्डे पडलेले होते, नवे घातले, फट ठेवली चार दशांश मिलिमीटर. पुलीवरच्या खुणेवर, ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट धरून डिस्ट्रिब्यूटरचा कोन बसवला. फ्लोट ठीक होता. मग मिश्रणाचा स्क्रू. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे धूर मोजायचं जुनं यंत्र होतं. ते त्याने मला वापरायला दिलं, एकाच अटीवर: ती गाडी त्याच्याकडे आणायची नाही.

यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये घातली. आकडा हळूहळू उतरत ३.० वर थांबला. मी मामीला हाक मारून दाखवला.

"म्हणजे पास?"

"पास."

"बघ, एवढंच होतं," मामी म्हणाली, आणि मीही तसंच समजले.

दुसऱ्या दिवशी खात्री करावी म्हणून पुन्हा मोजलं. ५.४.

मी यंत्र बंद करून चालू केलं. ५.४. नळी झटकली, त्यातलं पाणी काढलं. ५.३. पुन्हा सगळं पहिल्यापासून. पॉइंटची फट तशीच होती. डिस्ट्रिब्यूटरचा कोन मात्र थोडा सरकला होता. मला वाटलं, मीच बोल्ट नीट आवळला नसेल. कोन बसवला, बोल्ट असा आवळला की पाना वाकायचा बाकी राहिला. मिश्रण बसवलं. ३.१. रात्रभर गाडी अंगणात. सकाळी ४.८.

असं तीनदा झालं. दर वेळी संध्याकाळी आकडा तीन टक्क्यांच्या आसपास, दर वेळी सकाळी पाचच्या आसपास. मला एव्हाना कारणांची माळच सुचली होती. थंडीत चोक पूर्ण उघडत नसेल. एअर फिल्टर ओला होत असेल. कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट तापल्यावर वेगळं आणि गार झाल्यावर वेगळं बसत असेल. यंत्र स्वतःच गरम व्हायला वेळ घेत असेल. एकेक कारण तपासलं, एकेक खोटं ठरलं. एअर फिल्टर नवा आणला. गॅस्केट बदललं. चोकची तार मोकळी केली. हाताची कातडी पेट्रोलने पांढरी पडली आणि नखांतला काळा रंग जेवतानाही जाईना.

"झालं का गं?" मामा रोज विचारायचा, अगदी प्रेमाने.

"नाही."

"होईल. जुनी आहे, तिच्या कलाने घे."

मला गाडीचा कल मुळीच नको होता. जी गोष्ट मी रात्री जशी ठेवते, ती सकाळी तशीच सापडावी, एवढंच मला हवं होतं. निर्जीव वस्तूकडून एवढी अपेक्षा फार नाही.

शेवटी मी मामीकडून नेलपॉलिश घेतलं. मिश्रणाच्या स्क्रूवर, वेगाच्या स्क्रूवर आणि डिस्ट्रिब्यूटरच्या बोल्टवर प्रत्येकी एक बारीक रेघ ओढली. अर्धी स्क्रूवर, अर्धी बाजूच्या धातूवर. स्क्रू आपोआप ढिले होत असतील तर किती होतात ते कळेल, म्हणून.

सकाळी बॉनेट उघडलं. तिन्ही रेघा तुटलेल्या होत्या. मिश्रणाच्या स्क्रूवरचा अर्धा भाग तर पाऊण फेरा पलीकडे गेला होता. कुठलाही स्क्रू एका रात्रीत आपल्या पायाने इतका चालत नाही.

मी घरात आले. मामा चहा पीत होता.

"मामा, तू गाडीला हात लावलास?"

"रोज लावतो," तो म्हणाला. "तू रोज उतरवून ठेवतेस. मी सकाळी चढवतो."

"काय चढवतोस?"

"सूर."

मामी चुलीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते, म्हणजे ती हसत होती.

मामाने कप खाली ठेवला आणि मला पुढच्या खोलीत नेलं. तिथे मामीचा पियानो आहे, खिडकीला लागून, आणि खिडकीबाहेर अंगणात गाडी. त्याने खिडकी उघडली, बाहेर जाऊन इंजिन चालू केलं, आत आला. पियानोचं पेडल दाबून डावीकडची अगदी शेवटची पट्टी वाजवली. तो आवाज कानापेक्षा दातांना जास्त ऐकू येतो. पट्टीचा सूर आणि बाहेरची धडधड एकमेकांत मिसळून गेली, दोन सूर न जुळले की आवाजात उठते तशी लाट कुठेही आली नाही.

"ऐकलंस? जुळलंय," मामा म्हणाला. "ही गाडी ह्या पट्टीची आहे. मी घेतली तेव्हा थोडी उतरलेली होती. तेव्हापासून मी हिला चढवून ठेवतो. गॅरेजवाले उतरवतात, मी चढवतो. आता तू उतरवतेस."

मी मनात हिशेब केला. त्या पट्टीची कंपनं सेकंदाला साडेसत्तावीस. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं. म्हणजे मिनिटाला आठशे पंचवीस फेरे. बाहेर जाऊन फेऱ्यांचा काटा लावला. आठशे पंचवीस, एका बाजूलाही झुकलेला नाही.

मला रडू आलं असतं, पण आधी ओरडून झालं.

"मामा, नियमात आठशेच्या वर चालतच नाही! आणि फेरे वाढवायला तू फिरवतोस काय?"

"जे हाताला येईल ते."

"म्हणजे?"

"कधी हा, कधी तो. कधी तो गोल डबा." गोल डबा म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. "सगळ्यांनी सूर चढतो. कुठला फिरवला त्याने काय फरक पडतो?"

"सगळा फरक पडतो!"

"अगं, तारेला एक खुंटी असते. ती फिरवायची, सूर लागला की सोडायची. संपलं."

"इथे एका तारेला तीन खुंट्या आहेत! तिघींपैकी कुठलीही फिरवली तरी सूर लागतो आणि तिघींपैकी दोन चुकलेल्या राहतात!"

"माझ्या कानाकडे आजवर कुणी बोट दाखवलेलं नाही," मामा म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तू पंधरा दिवस यंत्र लावून बसलीयस. मी दोन मिनिटांत लावतो."

"दोन मिनिटांत बिघडवतोस!"

"वा," मामी दारातून म्हणाली. "एकीने दिवसा आणि एकाने सकाळी. पाळ्या लावून एकच गाडी बिघडवताय. निदान एकमेकांना सांगून तरी बिघडवा."

दुपारपर्यंत मामा माझ्याशी बोलला नाही. मीही नाही. तपासणी दुसऱ्या दिवशी होती. जेवताना मीठ हवं असलं तरी तो मामीमार्फत मागत होता. मला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त हेच खुपत होतं की मी त्याला पटवू शकत नव्हते. ओरडून सांगितलेलं समीकरण कुणालाच पटत नाही. मग मी ठरवलं की समजावणं बंद, दाखवायचं.

"मामा, तू पियानोपाशी बस. मी बाहेर गाडी तीनदा लावते. तुझ्या पट्टीशी जुळली की सांग. बाकी काही करायचं नाही."

तो बसला. मामी निरोप पोचवायला खिडकीत उभी राहिली. पहिल्यांदा मी सगळं नियमाप्रमाणे बसवलं आणि फक्त वेगाच्या स्क्रूने फेरे वाढवत नेले.

"अजून खाली आहे म्हणतो," मामी ओरडली. "अजून. अजून थोडं. बास, जुळलं म्हणतो."

यंत्रावर ३.०. तो आकडा मी खडूने अंगणातल्या फरशीवर लिहिला. मग मिश्रण एक फेरा दाट केलं आणि वेगाच्या स्क्रूने पुन्हा तिथेच आणलं.

"जुळलं म्हणतो."

५.६. मग मिश्रण आणखी दाट, डिस्ट्रिब्यूटर थोडा पुढे, वेग परत जुळवला.

"जुळलं. आणि विचारतोय, हे किती वेळ चालणार?"

७.१.

मी मामाला बाहेर बोलावलं. तो लंगडत आला, फरशीवरचे तीन आकडे बघितले, यंत्राकडे बघितलं, परत आकड्यांकडे.

"तिन्ही वेळा तू जुळलं म्हणालास," मी म्हणाले. "तिन्ही वेळा ते जुळलेलंच होतं. तुझा कान बरोबर आहे. आणि तरी यातल्या दोन वेळा नुसत्या धुरानेच गाडी भंगारात गेली असती."

त्याने तिसऱ्या आकड्यावर पाय टेकवला. मग म्हणाला, "तिसऱ्या वेळी आवाज जाड होता."

"काय?"

"जाड. ओल्या लाकडावर मारल्यासारखा. दुसऱ्या वेळीही थोडा. पहिल्या वेळी कोरडा होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू सूर विचारलास. सूर जुळला होता."

"मामा, तो जाड आवाज म्हणजेच जास्तीचं पेट्रोल! तुला तो ऐकू येतो?"

"येतो की. किती वर्षं येतोय."

"मग त्याचं काही केलं का नाहीस?"

मामाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी असभ्य बोलले. "आवाजाचा पोत हा वाद्य बनवणाऱ्याचा प्रश्न. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचं लोकरी फेल्ट, लाकूड, ते त्याचं. आपण कुणाच्या घरी जातो ते सूर लावायला. पोताला हात लावायचा नसतो. एखाद्याचा पियानो जाड वाजतो, वाजू दे. मला वाटलं, गाडीचा आवाज तसाच आहे."

मी फरशीवर बसले. मामी आत गेली आणि तिघांचा चहा घेऊन बाहेर आली. कुणी कुणाला शहाणपण शिकवलं नाही. चहा संपल्यावर मामा म्हणाला, "मग आता?"

आता आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसवलं. ठिणगी मी बसवली, लाइट धरून. मिश्रणाचा स्क्रू मी फिरवत गेले आणि मामा सायलेन्सरपाशी स्टूल टाकून बसला. "जाड. जाड. आता सुटतोय. कोरडा. आता अडखळला, मागे घे." मागे घेतलं. यंत्राने त्याच्या शब्दानंतर जवळजवळ अर्ध्या मिनिटाने ३.२ दाखवलं. हे सोपं गेलं. मग मी फेरे साडेसातशेवर आणले आणि भांडण पुन्हा सुरू झालं.

"हे काय?"

"साडेसातशे. नियमाच्या बरोबर मध्ये."

मामा आत गेला, शेवटची पट्टी वाजवली, बाहेर आला. "हा सूर पियानोत नाही. खाली पडलाय. ह्या सुराची पट्टी असती तर ती शेवटच्या पट्टीच्याही डावीकडे, लाकडात असती!"

"असू दे लाकडात."

"दिवसभर मी ह्यात बसून शाळेत जाणार आणि तिथे उतरून पियानो लावणार? कानात हे घेऊन?"

"नंबरप्लेट नसेल तर कशातच बसून जाणार नाहीस."

तो गप्प बसला, पण मूग गिळल्यासारखा नाही. दातदुखी असलेला माणूस बसतो तसा. मी पुन्हा रेघा ओढल्या. या वेळी त्याच्यासमोर.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. तपासणीच्या आवारात आमच्यापुढे एक टेम्पो होता. तपासनीस मामाला ओळखून होता.

"आलात? परत आठशे पंचवीस आणलंत का?"

"नाही," मामा म्हणाला. "ह्या वेळी बेसूर आणलंय."

टेम्पो नापास झाला आणि त्याच्या ड्रायव्हरने वाद घातला. मग तपासनीसाचं यंत्र स्वतःला साफ करायला बसलं. "इंजिन बंद करू नका," तो म्हणाला. "गार झालं तर परत तापवून आणायला लावीन." आम्ही चालू ठेवलं. ऊन बॉनेटवर होतं. मामा दोन मिनिटं गाडीत बसला, मग दार उघडून आवाराच्या पार पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला, गाडीकडे पाठ करून.

"माझ्या लग्नाला एवढा वेळ लागला नव्हता," मागच्या सीटवरून मामी म्हणाली.

फेऱ्यांचा काटा मी मांडीवर घेतला होता. साडेसातशे. मग सातशे चाळीस. उभ्या उभ्या इंजिन तापत होतं, बॉनेटखाली गरम हवा कोंडली होती आणि काटा उतरत होता. सातशे वीस. सातशेच्या खाली गेला तर आकडा घेणारच नाहीत, आणि बंद पडली तर नापास. मी काटा हातात घेऊन उतरले आणि बॉनेट उघडलं. स्क्रूड्रायव्हर काढला, पण स्क्रूला लावला नाही. साधी गोष्ट होती, पण जी गोष्ट इतक्या दिवसांत एकदाही स्थिर राहिली नाही, तिला आता हात लावायचा, हेच नको वाटत होतं.

भिंतीपासून मामा परत येत होता, गुडघ्याला जमेल तितक्या घाईने.

"उतरतोय," तो म्हणाला. "तिकडून ऐकू आलं. बंद पडेल."

"माहीत आहे. सातशे पाच."

त्याने माझ्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघितलं. "दे इकडे." मग थांबला. "फिरवू का?"

त्याने हे आजवर कधी विचारलं नव्हतं.

"कुठला?" मी विचारलं.

"तू सांग कुठला."

"वरचा, पितळेचा, वेगाचा. फक्त तो. अगदी हळू."

मी स्क्रूड्रायव्हर दिला आणि काट्याकडे बघत राहिले. मामाचा हात स्क्रूवर गेला की स्थिर असतो, तो त्याचा धंदा आहे. सातशे वीस. सातशे चाळीस. इंजिनाचा आवाज सावरला. सातशे साठ.

"थांब."

तो थांबला, पण टोक स्क्रूच्या खाचेतच होतं. "थोडंच राहिलंय वर," तो हळूच म्हणाला. "अगदी थोडं."

"मामा, थांब."

त्याने टोक खाचेतून काढलं, स्क्रूड्रायव्हर मला परत दिला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. तपासनीसाने बॉनेट लावायला सांगितलं. त्याने नळी सायलेन्सरमध्ये घातली, मामीने खिडकीची काच खाली केली, आणि पडद्यावर आकडा चढून मग उतरू लागला. ३.९. ३.७. मामा डोळे मिटून उभा होता. आकडा काही वेळ मागेपुढे झाला आणि थांबला.

तपासनीसाने कागद फाडून मामाच्या हातात दिला. फेरे ७६०. कार्बन मोनॉक्साइड ३.३ टक्के. पास.